एक बाजू लाल, एक बाजू काळी

४ मार्च

सगळ्या जगाचे किनारे वाटून झाले, आमचा तेवढा राहिला. शहाणे लोक म्हणतात, दोन्ही सत्तांना आमच्या स्वातंत्र्याचा आदर आहे. खरं कारण मला माहीत आहे. तहाच्या वेळी टेबलावर जो नकाशा पसरला होता, त्याची घडी नेमकी आमच्या बंदरावर आली होती आणि दोन्हीकडच्या साहेबांना जेवायला उठायची घाई होती. हे मी इतकी वर्षं सांगत आलो आणि लोक हसत आले. आता कोणी हसत नाही. कोणीतरी घडी उलगडून पाहिलेली दिसते.

उत्तरेकडून येतात त्यांची जहाजं करडी, दक्षिणेकडून येतात त्यांची पांढरी. त्यांच्या देशांची नावं लांबलचक आहेत आणि उच्चारली की ते चुका काढतात, म्हणून गाव त्यांना करडे आणि पांढरे एवढंच म्हणतं. दोघांनाही आमच्याकडे कोळसा भरायला धक्का हवा आहे. आधी कोळसा, मग कोळशाच्या राखणीला तोफा, मग तोफांच्या राखणीला आरमार. मागणं इतकं साधं आहे की नाही म्हणायला आपल्यालाच लाज वाटावी.

९ मार्च

नगराध्यक्षांकडे चहापान. त्यांना सगळं गाव मधलेसाहेब म्हणतं, कारण फोटोत ते मधे असतात आणि भांडणातही. एका कोचावर करड्यांचा प्रतिनिधी, दुसऱ्यावर पांढऱ्यांचा, मधल्या खुर्चीवर साहेब; दोन्हीकडे मान फिरवून हैराण.

पांढऱ्याने मला विचारलं, "आपण काय करता?"

"समुद्रात पिंपं तरंगत ठेवतो," मी म्हटलं.

तो हसला. तो छत्री उडाली तरी हसतो. करडा कधीच हसत नाही, पण त्याने मान वर करून पाहिलं. तेव्हा लक्षात आलं की ज्या बोयांकडे आजवर कुत्रं फिरकलं नाही, त्यांना भाव आला आहे. बंदराच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे, त्याने तोंडाची दोन झाली आहेत, एक उत्तरेचं, एक दक्षिणेचं. दर वर्षी वादळं सरली की तो कूस बदललेला असतो. मग आम्ही दोरी सोडून खोली मोजायची आणि बोये नव्याने टाकायचे. लाल म्हणजे धोका, लांबून जा. काळा म्हणजे पाणी खोल, खुशाल जवळून जा. वडील हेच करत. आता मी मुकादम आहे, आणि माझा धाकटा भाऊ बंदराचा वाटाड्या. मी टाकलेल्या बोयांच्या भरवशावर तो परकी जहाजं आत आणतो.

घरी येऊन बायकोला म्हटलं, "आज दोन सत्तांनी माझी दखल घेतली."

"तिसरीने सकाळी नळ दुरुस्त करायला सांगितला होता," ती म्हणाली.

१८ मार्च

करड्यांचा नियम आमच्यासारखाच आहे. पांढऱ्यांच्या राज्यात उलटा: काळा म्हणजे धोका, लाल म्हणजे वाट मोकळी. त्यांच्या प्रतिनिधीने हसत हसत कळवलं, की चुकीच्या रंगाचे बोये ठेवणारं बंदर आमच्या आरमाराला शत्रूचं समजावं लागेल. करड्याने न हसता कळवलं, की रंगाला हात लावलात तर आम्हाला तेच समजावं लागेल. म्हणजे गावाचं स्वातंत्र्य आता माझ्या रंगाच्या डब्यात.

आमचा म्हातारा रंगारी चष्मा दोरीने कानाला बांधतो. तो म्हणाला, "मुकादम, सगळ्यांना जांभळा फासून टाकू. कोणालाच काही कळणार नाही, म्हणजे भांडणही नाही."

आजवर ऐकलेल्यांतली ही सगळ्यांत शहाणी सूचना होती. बैठकीत मांडली नाही.

२२ मार्च

बैठक झाली. मधलेसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "करडे उत्तरेच्या तोंडाने आत येतात, पांढरे दक्षिणेच्या. बोयाची उत्तरेची बाजू करड्यांच्या नियमाने रंगवा, दक्षिणेची पांढऱ्यांच्या. ज्याला जे पाहायचं ते दिसेल." टाळ्या. एका सभासदाचे डोळे भरून आले. त्यांना मोतीबिंदूही आहे.

मी म्हणालो, की बोया फिरतो. एका साखळीवर बांधलेलं पिंप भरती-ओहोटीला गिरकी घेतं. दोन बाजूंनी दोन साखळ्या घातल्या तरच त्याचं तोंड एका दिशेला राहील. हे मी बोललो. जरा हळू बोललो असेन, कारण नेमके तेव्हाच साहेब म्हणत होते, की एवढ्या जबाबदारीच्या कामाला मुकादम हा शब्द तोकडा पडतो, अधीक्षक म्हणायला हवं.

"दोन साखळ्या तर दोन साखळ्या," साहेब म्हणाले. "अधीक्षक बघतील."

अधीक्षक. घरी येईपर्यंत मी तो शब्द मनात बराच घोळवला. नळही दुरुस्त केला.

३ एप्रिल

गोदामात जादा साखळी होती, ती चौकात गेली. चौकात नवं कारंजं झालं आहे, त्याच्या दोन बाजूंना दोन सत्तांचे झेंडे, आणि झेंड्याच्या काठीशी कुत्र्यांनी पाय वर करू नये म्हणून भोवती साखळीचं कुंपण. कारंज्याला पाणी नाही, पण साखळी फार शोभते.

साहेबांना भेटलो. "नवी मागवली आहे," ते म्हणाले. "तोवर एकीवर भागवा. उद्घाटन पुढे ढकललं तर दोघंही रुसतील. आणि गावात याची चर्चा नको, उगाच घबराट."

बोये एकेका साखळीवर टाकले. रुसलं कोणी नाही. दोन्ही प्रतिनिधींनी आपापल्या बाजूने दुर्बीण लावून पाहिलं आणि माझं अभिनंदन केलं. असं कौतुक वडिलांच्या वाट्याला कधी आलं नाही. त्यांचे बोये नुसते बरोबर असत.

७ एप्रिल

धाकटा घरी आला होता. बसायच्या आधीच विचारलंन, "दादा, नव्या बोयांना दोन साखळ्या घातल्यास ना?"

"घातल्यात."

"मग झालं. यंदा पट्टा इतका सरकलाय की माझ्या जुन्या खुणा सगळ्या वाया गेल्या. तू जिथे टाकलायस तिथूनच वळायचं, दुसरं काही नाही."

साखळ्या आठवड्याभरात येणार आहेत. म्हणजे होणाऱ्या गोष्टीला मी आधी हो म्हणालो एवढंच. जे पुढेही खरं होणार नसतं त्याला खोटं म्हणतात. शिवाय त्याला सांगितलं असतं तर त्याने भावजयीला सांगितलं असतं, आणि भावजयीच्या पोटात काही राहिलं आहे असा दिवस अजून उजाडायचा आहे.

जाताना त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली. "अधीक्षक होणार म्हणे. आता तुझ्या बोयांना सलाम करून आत यायला हवं."

१२ एप्रिल

चौथा बोया दुपारी उलटा दिसला. पाणी फिरलं की सरळ होईल. साखळ्या नाहीत.

१६ एप्रिल

करड्यांची युद्धनौका वाळूवर चढली. धाकटा तिला आत आणत होता.

उत्तरेकडून चौथा बोया लाल दिसायला हवा होता. त्याला काळा दिसला. काळा म्हणजे पाणी खोल. तो जवळून गेला.

आवाजही फारसा झाला नाही. कपाटावर इस्त्री ठेवावी तसं ते एवढं थोरलं जहाज वाळूवर बसलं आणि धूर सोडत राहिलं. सगळं गाव धक्क्यावर लोटलं. लोक पोरांना खांद्यावर घेऊन दाखवत होते. मी रंगाऱ्याला घेऊन नाव काढली. आम्ही पोचेपर्यंत ओहोटी लागली होती आणि चौथा बोया उत्तरेला लाल तोंड करून उभा होता, मास्तर वर्गात शिरल्यावर हुशार पोरगा बसतो तसा.

रंगारी म्हणाला, "मुकादम, हा फिरला होता."

"तू पाहिलास?"

"पाहायला कशाला हवं?"

"मग गप्प बस," मी म्हणालो. त्याने चष्मा काढून पुसला आणि परत घातलाच नाही.

१८ एप्रिल

अडकलेल्या जहाजाचं रक्षण करायला करड्यांनी खलाशी उतरवले. करड्यांपासून गावाचं रक्षण करायला पांढऱ्यांनी उतरवले. आता गावाचं इतकं रक्षण होतं आहे की भाजी आणायला जायचं तर दोनदा खिसे उलटे करून दाखवावे लागतात. पांढऱ्यांचा प्रतिनिधी रस्त्यात भेटला, म्हणाला, हे सगळं तुमच्या स्वातंत्र्यासाठी. हसत होता.

धाकट्याला करड्यांनी जहाजावरच अडकवून ठेवलं आहे. दोन्ही सत्ता मिळून चौकशी करणार आहेत. या दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

२५ एप्रिल

भावजय आली होती. तिला आज धाकट्याला भेटू दिलं. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"दादा, ते एकच सांगताहेत, की बोया काळा दिसला. पण मग स्वतःच म्हणतात, की दोन साखळ्यांवरचा बोया फिरेल कसा? माझेच डोळे फसले असतील. मला म्हणाले, माझे डोळे तपास. मी तपासायचे म्हणजे काय करायचं हो? बोटं धरली समोर. बरोबर मोजली त्यांनी."

मी म्हटलं, "मी बघतो."

"तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. बोयांतलं तुमच्याइतकं कोणाला कळतं?"

"बघतो म्हटलं ना."

ती गेल्यावर बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "साखळ्या दोन होत्या?"

"ऑफिसच्या गोष्टी घरात नकोत."

"बरं," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच इतक्या लवकर बरं म्हणाली. बाहेरच्या खोलीत सकाळपर्यंत पंखा चालू राहिला होता. बंद करायला कोणी उठलं नाही.

३० एप्रिल

साहेबांनी बोलावलं. दार आतून लावलं, मग खिडकीही.

"बोया फिरला असं ठरलं, तर दोघंही म्हणणार की या गावाला बंदर सांभाळता येत नाही. आणि घेऊन टाकतील. वाटाड्या चुकला, तर एक माणूस चुकला. माणूस चुकतो. गाव वाचतं."

"तो माझा भाऊ आहे, साहेब."

"म्हणूनच तर तुमच्या शब्दाला वजन. आणि शिक्षा काय होणार आहे? समज देतील, फार तर परवाना काढतील. मी दोघांशी बोललोय."

"खोटं बोलायचं?"

"कोण म्हणतंय खोटं बोला? उत्तरेची बाजू लाल रंगवली होती ना? तेवढंच विचारतील. तेवढंच सांगा."

विचार केला तर माणसाचं म्हणणं चुकीचं नाही. एका बाजूला सगळं गाव आहे, दुसऱ्या बाजूला एक परवाना. परवाना गेला तर मी त्याला माझ्याकडे कामाला घेईन. अधीक्षकाला एवढा अधिकार असणार. हे भावजयीला समजावून सांगायला हवं, पण आत्ताच नको.

४ मे

चौकशी शाळेच्या सभागृहात झाली. भिंतीवर मुलांनी काढलेली फळांची चित्रं, खाली दोन सत्तांचे अधिकारी, मुलांच्याच बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन. चेष्टा सुचण्यासारखी जागा होती. एकही सुचली नाही.

मला विचारलं, "चौथ्या बोयाची उत्तरेची बाजू कोणत्या रंगाची आहे?"

"लाल."

"मग आरोपीला काळी कशी दिसली?"

"मी जहाजावर नव्हतो," मी म्हणालो. यात खोटं काय आहे? मी नव्हतोच जहाजावर.

मग त्यांनी धाकट्याला विचारलं, की बोया फिरला असावा असं तुमचं म्हणणं आहे का. त्याने माझ्याकडे पाहिलं. टोपी माझ्या हातात होती आणि मी ती पिळत होतो, हे मला मागाहून कळलं. बराच वेळ तो माझ्या हातांकडे पाहत राहिला. दाढी वाढली होती त्याची, वडिलांसारखा दिसत होता.

"नाही," तो म्हणाला. "तो बोया माझ्या भावाने टाकलाय. तो फिरत नाही. मीच चुकलो."

मला हायसं वाटलं. साखळ्यांबद्दल आमचं जे बोलणं झालं होतं ते त्याच्या लक्षात राहिलं नसावं. त्याला लहानपणापासून विसरायची सवय आहे.

६ मे

सात वर्षं सक्तमजुरी. बंदरात नांगरलेल्या तुरुंगाच्या जहाजावर.

साहेब म्हणाले, त्यांनाही धक्का बसला. बसल्यासारखे दिसत मात्र नव्हते, उभेच होते, मधे.

भावजयीकडे गेलो होतो. आत दिवा होता. कडी वाजवली, पुन्हा वाजवली. मग दिवा मालवला गेला.

२३ मे

दोन्ही सत्तांनी करार केला आणि बंदर वाटून घेतलं. उत्तरेचा धक्का करड्यांचा, दक्षिणेचा पांढऱ्यांचा, मधली हद्द माझ्या बोयांच्या रांगेवरून. कारण काय दिलं? तर चौकशीत असं सिद्ध झालं आहे, की या गावाकडे भरवशाचा वाटाड्या नाही. तेव्हा बंदराची जबाबदारी गावावर टाकणं सर्वांच्याच जिवाला धोक्याचं.

मी ते चौकात उभा राहून वाचलं. कारंज्यापाशी. आधी वाटलं आपलं वाचण्यात काही चुकलं. मग परत वाचलं.

मधलेसाहेबांचं कार्यालय हद्दीवरच आलं, त्याला आता दोन दरवाजे पाडले आहेत. ते आहेत तिथेच आहेत. मी अधीक्षक झालो. दोन टोप्या मिळाल्या, एक करडी, एक पांढरी. नाव हद्द ओलांडून गेली की टोपी बदलायची. बायकोला दाखवल्या. तिने दोन्ही खुंटीवर टांगल्या आणि धुणं वाळत घालायला निघून गेली.

१० जून

दोघांचीही जहाजं आत आणायला माणूस नाही. बाहेरून वाटाडे मागवले, त्यांनी वाळू पाहिली आणि परत गेले. मग कोणाला तरी तुरुंगाचं जहाज आठवलं.

आता प्रत्येक युद्धनौकेवर धाकट्याला नेऊन उभं करतात, करडी असो की पांढरी. पायात बेडी. जहाज धक्क्याला लागलं की त्याला परत नेतात, जमिनीवर पाय ठेवू देत नाहीत. मी टाकलेल्या बोयांकडे तो पाहतही नाही म्हणतात. पुढे होडी सोडून दोरीने खोली मोजवतो आणि मगच जहाज हलवतो. अजून एकही अडकलेलं नाही. ज्याच्या चुकीमुळे बंदर गेलं, त्याच्याच हातून ते चालवलं जातं आहे, आणि यावर दोन्ही सत्तांपैकी एकीलाही हसू येत नाही. पांढऱ्यांनाही नाही.

बोये रंगवायचं काम मात्र चालू आहे. करारात आहे ते.

भावजय जहाज आलं की धक्क्यावर जाऊन बसते. माझी बायको तिच्या शेजारी जाऊन बसते. कुठे गेली होतीस विचारलं तर सांगते, "बाजारात." पिशवी रिकामी असते.

२१ जून

सकाळी चौथ्या बोयावर होतो. एका हाताने कडी धरायची, दुसऱ्याने ब्रश, खाली नाव हलत असते. रंगारी डबा धरून होता. तेवढ्यात उत्तरेच्या तोंडातून करड्यांची मोठी नौका आली, चांगल्या वेगात. अशी नौका जवळून गेली की तिच्या लाटेने आमच्यासारखी नाव सहज उलथते. मागच्या महिन्यात पलीकडच्या धक्क्यावरचे दोन कोळी असेच गेले. रंगाऱ्याने डबा टाकला आणि बोयाला मिठी मारली. मीही मारली. अंगभर ओला रंग.

आणि नौकेचं इंजिन मंद झालं. इतकं मंद, की पाण्यावर सुरकुती पडावी एवढीच लाट आली. ती आमच्या शेजारून हळूहळू सरकत गेली, भिंत सरकावी तशी. वर कठड्याशी धाकटा उभा होता. समोर पाहत होता. रंगाऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. मला हात करावा असं वाटलं, पण दोन्ही हात बोयाभोवती होते. आम्हाला मागे टाकून लांब गेल्यावर इंजिनाने पुन्हा वेग घेतला.

जेवताना बायकोला सांगितलं. म्हटलं, "करड्यांचा कप्तान सभ्य माणूस दिसतो. नाहीतर आज तू विधवा झाली होतीस."

"कप्तानाने मंद केलं?"

"मग कोण करणार? वाटाड्या नुसता सांगतो. कप्तानाच्या हुकुमाशिवाय जहाजावर काही हलत नाही. जे होतं त्याची जबाबदारी कप्तानाची."

तिने माझ्या ताटात पोळी वाढली. मग तिथेच उभी राहून म्हणाली, "हे त्या दिवशी शाळेत सांगायचं होतंत."

आणि आत गेली. भाजीत मीठ नव्हतं. मागितलं नाही.